दोन नद्या, दोन पूल



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी कोणी पाककृती देते, कोणी विणकामाचे नमुने देते, कोणी तीर्थयात्रेचे वर्णन लिहिते. यंदा आपल्या मुलखाच्या इतिहासावर काही यावे असे बैठकीत ठरले आणि ते काम माझ्या वाट्याला आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शाळेत इतिहास म्हणजे लढाया, तह आणि राज्याभिषेक एवढेच शिकले. पण संसार करता करता एक गोष्ट ध्यानात आली. ज्या वाटेने सैन्य गेले, ज्या वाटेने कोकणातले मीठ आणि सुकी मासळी घाटावर गेली व घाटावरचे धान्य खाली आले, ज्या वाटेने लेकी सासरी गेल्या, त्या वाटेलाही इतिहास असतो. आणि वाटेत नदी आडवी आली की तेथे बांधलेला पूल हा त्या इतिहासाचा सर्वांत बोलका साक्षीदार असतो.

म्हणून आज मी दोन दगडी पुलांविषयी लिहिणार आहे. एक कोयना नदीवरचा, प्रतापगडाच्या पायथ्याशी पार गावाजवळचा. तो शिवकालीन म्हणून ओळखला जातो आणि आजही उभा आहे. दुसरा आपल्या सावित्री नदीवरचा, महाड आणि पोलादपूर यांच्या दरम्यानचा. तो १९२८ साली बांधला गेला आणि २०१६ साली पुरात वाहून गेला. थोरला राहिला आणि धाकटा गेला. असे का व्हावे, याचा विचार आपण साऱ्याजणींनी करावा, एवढाच या लेखाचा हेतू.

या दोन्ही नद्यांचे माहेर एकच. क्षेत्र महाबळेश्वर येथे पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्या उगम पावतात, अशी आपली श्रद्धा. यज्ञाच्या वेळी सावित्री रागावली आणि पश्चिमेच्या कड्यावरून थेट कोकणात उतरली, अशी कथा तेथे सांगतात. कथा बाजूला ठेवली तरी नद्यांच्या वाटा खरोखरच तशा आहेत. कोयना दक्षिणेकडे वळून जावळीच्या खोऱ्यातून वाहते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. सावित्री मात्र पोलादपूर, महाड करीत बाणकोटजवळ समुद्राला जाते. महाबळेश्वरला वर्षाला दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. तो सारा कड्यांवरून, ओढ्यांतून या नद्यांत येतो. उन्हाळ्यात मुलेबाळे जिच्या पात्रात खेळतात, तीच नदी आषाढ-श्रावणात ओळखू येत नाही. अशा नदीवर पूल बांधणे हे सोपे काम नव्हे.

आधी थोरल्याची हकिकत सांगते.

जावळीचे खोरे १६५६ साली शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून घेतले. लगेच पारघाटावर नजर ठेवण्यासाठी मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली प्रतापगड बांधून घेतला. पारघाट म्हणजे कोकण आणि घाटमाथा यांना जोडणारी जुनी वाट. गडाच्या पायथ्याच्या पार गावात श्रीरामवरदायिनीचे देऊळ आहे. रामाला वर देणारी ती रामवरदायिनी. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाची भेट झाली ती याच मुलखात. पुढे १६६१ साली महाराजांनी गडावर भवानीची स्थापना केली. म्हणजे या वाटेवर सैन्याची, कारभाऱ्यांची, व्यापाऱ्यांची आणि देवीच्या भक्तांची अशी चौफेर वर्दळ होती. पावसाळ्याचे चार महिने कोयनेने ही वाट अडवली, तर गड एकीकडे आणि मुलूख दुसरीकडे असे झाले असते. तेथे पूल का हवा होता, हे एवढ्यावरून समजते.

आपल्याकडे शिवकाळ म्हटला की किल्ले आठवतात. तट, बुरूज, महादरवाजा यांचे आपण कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. पण किल्ला शत्रूला अडवण्यासाठी असतो, पूल माणसांना जोडण्यासाठी. ज्या राज्यकर्त्याला रयतेची काळजी असते, तो दोन्ही बांधतो. पारचा पूल पाहताना मला हेच जाणवले.

मागे आपली सहल प्रतापगडला गेली होती, तेव्हा आम्ही पाच-सहाजणी वाट वाकडी करून पारच्या पुलावर गेलो होतो. वरून पाहिले तर काही विशेष वाटत नाही. रस्ता जातो तसा जातो. पण काठाने खाली उतरून पाहिले की डोळे उघडतात. काळ्या पाषाणाचे घडीव चिरे, त्यांच्या कमानी आणि कमानींना उचलून धरणारे जाडजूड खांब. खांबांची प्रवाहाकडची बाजू सपाट नाही, ती होडीच्या नाळेसारखी टोकदार केली आहे. पुराचे पाणी येऊन आपटले की ते दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. खांबाला धक्का कमी बसतो आणि वाहून आलेली झाडे, ओंडके अडकून राहत नाहीत. आमच्यातली एक बाई म्हणाली, "अगं, सुरीने भाजी चिरावी तसे पाणी चिरले आहे की!" कोणा इंजिनियराने दोन पाने लिहूनही यापेक्षा सोपे सांगितले नसते.

आता कमान कशी उभी राहते ते सांगते. आमच्या शेजारी एक म्हातारे गवंडी राहत असत. त्यांनी मला हे अंगणात विटा मांडून समजावून दिले होते.

दगडाचा स्वभाव असा की त्याच्यावर कितीही भार दाबला तरी तो सोसतो, पण त्याला ताणले किंवा वाकवले तर तो मोडतो. दोन भिंतींवर लांब दगड आडवा ठेवला आणि मध्ये वजन दिले, तर त्याची खालची बाजू ताणली जाते आणि तडकते. म्हणून मोठे अंतर ओलांडायचे तर आडवा दगड उपयोगाचा नाही, कमान हवी. कमानीचा प्रत्येक दगड पाचरीसारखा घडवतात, वर रुंद आणि खाली अरुंद. आधी लाकडाचा अर्धगोल साचा उभा करतात. त्यावर दोन्ही बाजूंनी सारखेच दगड रचत वर येतात. एक बाजू पुढे गेली तर साचा कलतो. अगदी मध्यावर शेवटचा दगड ठोकून बसवतात, तो कळीचा दगड. मग साचा काढून घेतात. त्या क्षणी कमान स्वतःच्या पायावर उभी राहते. वरून जेवढा भार येईल तेवढे दगड एकमेकांना घट्ट धरतात, आणि सगळा भार दोन्ही बाजूंनी खांबांत आणि खांबांतून पायात उतरतो.

यात एक मर्म आहे. कमानीचा एकही दगड एकटा उभा नसतो. प्रत्येकाला शेजारच्याचा आधार आणि प्रत्येकाचा शेजारच्यावर भार. एकत्र कुटुंबात राहिलेल्या बाईला हे निराळे समजावून सांगायला नको.

दगडांच्या सांध्यांत चुना असे. आजच्यासारखे सिमेंट तेव्हा नव्हते. चुनखडी भट्टीत भाजायची, मग ती पाण्यात विझवायची. नंतर गोल चरात घालून वाळूबरोबर बैल जुंपलेल्या दगडी चाकाखाली मळत राहायचे, हीच चुन्याची घाणी. चिकटपणा यावा म्हणून त्यात गूळ, बेलफळाचा गर असे जिन्नस घालीत असत. हा चुना सावकाश, हवा घेत घेत, वर्षानुवर्षे घट्ट होत जातो. शिवाय तो थोडा लवचीक राहतो. उन्हाळ्यात दगड फुगला, थंडीत आखडला, तर चुना त्याच्याबरोबर सरकतो. बारीक चीर पडली तर पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुनाच पुन्हा त्या चिरेत बसून ती बुजवतो. जखम आपली आपण भरून यावी तसेच हे. जुनी दगडी बांधकामे इतकी का टिकली, याचे अर्धे उत्तर या चुन्यात आहे.

पारच्या पुलाने किती काळ पाहिला! मराठ्यांचे राज्य गेले, इंग्रज आले. एकोणिसाव्या शतकात महाबळेश्वराहून महाडकडे आंबेनळी घाटाचा गाडीरस्ता झाला, त्याला साहेबाने फिट्झगेराल्ड घाट असे नाव दिले, आणि जुन्या पारघाटाची वर्दळ ओसरली. पुढे याच कोयनेवर खाली मोठे धरण झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरचा भूकंप झाला. हे सारे झाले तरी पूल आपल्या जागी राहिला.

आता धाकट्याची हकिकत. ती सांगताना हात जड होतो.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, सावित्रीवर हा दगडी कमानींचा पूल झाला. त्या काळी रस्त्याने बैलगाड्या जात आणि क्वचित एखादी मोटार. पूल झाला आणि कोकणची वाट मोकळी झाली. पुढे हाच रस्ता मुंबई-गोवा महामार्ग झाला. बैलगाडीच्या जागी एस.टी. आली, मालमोटारी आल्या, मग दहा-दहा, बारा-बारा चाकांची अवजड वाहने आली. पुलाने सगळ्यांना वाट दिली. मुंबईच्या गिरणीत कामाला गेलेला कोकणी माणूस शिमग्याला आणि गणपतीला एस.टी.ने घरी यायचा, तो याच पुलावरून. २००१ च्या सुमारास शेजारी नवा पूल झाला तरी मुंबईकडे जाणारी वाहने जुन्या पुलावरूनच जात राहिली.

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र. दिवसभर धो धो पाऊस कोसळत होता आणि सावित्रीला महापूर आला होता. रात्री साडेअकराच्या सुमारास पुलाचा मोठा भाग कोसळला. काळोखात ते कोणाला दिसणार? जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली अशा दोन एस.टी. गाड्या आणि एक मोटार पाण्यात गेली. जवळच काम करणाऱ्या एका माणसाच्या ते लक्षात आले आणि त्याने पुढची वाहने थांबवली, म्हणून आणखी जीव वाचले. त्या रात्री चाळीसच्या आसपास माणसे गेली. नौदलाचे पाणबुडे आणि आपत्ती निवारणाचे जवान कित्येक दिवस शोध घेत होते. काही मृतदेह तर दूर समुद्रकिनाऱ्यावर मिळाले, काही मिळालेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी कळली तेव्हा घराघरांत पहिला प्रश्न एकच होता, आपले कोणी त्या गाडीत नव्हते ना? ज्यांचे होते, त्यांच्या घरी चूल पेटली नाही. ज्यांचे नव्हते, त्यांनाही घास गोड लागला नाही.

त्यानंतर पुष्कळ बोलले गेले. पूल फार जुना होता, इंग्रजांच्या काळचा होता, त्याचे आयुष्य संपले होते, असे लोक म्हणू लागले. मला येथेच थोडे थांबून विचार करावासा वाटतो. सावित्रीचा पूल पडला तेव्हा त्याचे वय ८८ वर्षांचे होते. पारचा पूल त्याहून कितीतरी थोर. गोव्यात पणजीहून रायबंदरला जाणारा जांभ्या दगडाचा लांबच लांब पूल पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारेस याच्या कारकिर्दीत, १६३३-३४ च्या सुमारास झाला. म्हणजे शिवाजीमहाराज तेव्हा तीन-चार वर्षांचे होते! सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या त्या रस्त्यावरून आजही मोटारी जातात. तेव्हा दगडाला केवळ वय झाले म्हणून तो मरतो, असे म्हणता येणार नाही.

अर्थात पार आणि महाड यांची सरळ तुलना करणेही न्यायाचे नाही, हे मला कळते. पारला कोयना अजून लहान, उगमापासून फार दूर न आलेली. शिवाय पारवरून महामार्गाची वाहने जात नाहीत. महाडजवळ सावित्री रुंद, अनेक ओढ्या-नाल्यांचे पाणी पोटात घेतलेली, आणि डोक्यावर रात्रंदिवस अवजड वाहतूक. सासरी एक सून दोन माणसांचे करते, दुसरी वीस माणसांचे करते. दोघींची प्रकृती सारखी कशी राहील? पण जिच्यावर भार जास्त, तिच्याकडे लक्षही जास्त द्यायला नको का?

दगडी पूल आतून कसा खंगतो, हे आपण समजून घेतले पाहिजे. त्याचे मुख्य शत्रू चार.

पहिला शत्रू पायाखालचे पाणी. पूर येतो तेव्हा खांबाच्या तोंडाशी भोवरा फिरतो आणि खांबाच्या बुडाची माती, वाळू खरवडून नेतो. समुद्राच्या लाटेत उभे राहिले की टाचेखालची वाळू कशी सरकते, तसेच. यातला दगा असा की पूर ओसरला की तो खड्डा गाळाने पुन्हा भरून जातो. वरून पाहणाऱ्याला सर्व ठीक दिसते, पण तो गाळ पोकळ असतो, पुढच्या पुरात तो क्षणात निघून जातो. नदीतून बेसुमार वाळू काढली तर पात्र खोल जाते आणि पाया आणखी उघडा पडतो.

दुसरा शत्रू झाड. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचे, उंबराचे बी सांध्यात पडते. चार पाने फुटतात तेव्हा कौतुक वाटते. पण मुळे चुन्यात शिरतात, जाड होतात आणि चिरा सरकवतात. वरून फांद्या छाटून काही होत नाही, मूळ आत वाढतच राहते. सावित्रीच्या पुलावरही झाडेझुडपे वाढल्याची छायाचित्रे त्या वेळी वर्तमानपत्रांत आली होती.

तिसरा शत्रू आत मुरणारे पाणी. पुलाच्या कमानींवर माती-दगडांची भर असते. रस्त्यावरचे पाणी त्यात मुरते. ते निघून जावे म्हणून बाजूला भोके ठेवलेली असतात. ती कचऱ्याने बुजली की भर फुगते आणि बाजूच्या भिंती बाहेर ढकलते.

चौथा शत्रू म्हणजे अडाणी डागडुजी. जुन्या चुन्याच्या सांध्यांवर सिमेंटचा गिलावा थापला की वरून पूल नवा दिसतो. पण सिमेंट कडक आणि ओल कोंडून ठेवणारे. आतली ओल बाहेर येत नाही, चुना कुजतो आणि दगड मात्र बाहेरून ठणठणीत दिसतो. रोग्याला पावडर लावून बाहेर बसवण्यासारखे आहे हे.

यांपैकी एकही गोष्ट एका रात्रीत होत नाही. पूल पडतो एका रात्रीत, पण खंगतो वर्षानुवर्षे. त्याच वर्षी मे महिन्यात सावित्रीच्या पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य असल्याचे सांगण्यात आले होते, हे नंतर सरकारकडूनच कळले. मी अडाणी बाई कोणाला दोष देणार? पण एवढे मात्र म्हणेन, की घरातले लोणचे खराब झाले का हे बरणीच्या बाहेरून पाहून कळत नाही, झाकण उघडून तळापर्यंत चमचा घालावा लागतो. पुलाचा जीव पायात असतो. जी पाहणी पाण्याखालच्या पायापर्यंत पोचत नाही, तिला पाहणी कसे म्हणावे?

दुर्घटनेनंतर चौकशी आयोग नेमला गेला, राज्यातल्या जुन्या पुलांची तपासणी करण्याचे आदेश निघाले. सावित्रीवरचा नवा पूल तर विक्रमी वेळात झाला आणि ५ जून २०१७ रोजी, दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर, वाहतुकीला खुला झाला. ज्यांनी रात्रंदिवस राबून तो उभारला, त्या अभियंत्यांचे आणि मजुरांचे ऋण मानलेच पाहिजे. पण मनात येते, नवा पूल जितक्या तातडीने बांधता येतो, तितक्याच तातडीने जुना सांभाळता आला असता तर?

आपल्याकडे नव्याचे नऊ दिवस असतात. उद्घाटनाला हार-तुरे, फीत, भाषणे. नंतर त्या वस्तूकडे कोणी पाहत नाही. सांभाळण्याच्या कामाला टाळ्या मिळत नाहीत. हे आपणा बायकांना चांगले ठाऊक आहे. घर बांधल्याचे नाव होते, पण रोज सारवणाऱ्या, कौले गळतात का ते पाहणाऱ्या, पावसाआधी पन्हळी साफ करणाऱ्या हाताचे नाव कोठे कोरलेले नसते. तरी घर टिकते ते त्या हातांमुळेच. पारच्या पुलावर ज्या पाथरवटांनी आणि गवंड्यांनी चिरे घडवले, ज्या बायांनी डोक्यावरून चुना वाहिला असेल, त्यांचीही नावे कोठे नाहीत. त्यांचे काम तेवढे उभे आहे.

माझ्या मते पारच्या पुलासारखी वास्तू हा आपला ठेवा आहे, देवळाइतकाच आणि गडाइतकाच. प्रतापगडला जाणाऱ्यांनी तो आवर्जून पाहावा, मुलांना खाली उतरवून खांबांची टोके दाखवावीत. त्याच्यावर नावे कोरू नयेत, कचरा टाकू नये. त्याची दुरुस्ती करायची वेळ आली तर ती चुन्याने, जाणत्या माणसांच्या हातून व्हावी, असा आग्रह आपण धरावा.

आणि आपल्या गावापुरते एक काम मला सुचते. आपल्या परिसरात ओढ्या-नाल्यांवर लहानमोठे जुने दगडी पूल आणि मोऱ्या आहेत. आपण त्यांवरून रोज जातो. दर वर्षी वैशाखात, पावसाआधी, मंडळाच्या चार-पाचजणींनी एक फेरी मारावी. सांध्यात झाड उगवले आहे का, पाणी जाण्याची भोके बुजली आहेत का, कठड्याचा दगड निखळला आहे का, खांबाच्या बुडाशी खड्डा दिसतो का, एवढेच पाहावे आणि वहीत लिहावे. पूर ओसरल्यावर पुन्हा एकदा पाहावे. जे दिसेल ते ग्रामपंचायतीला आणि बांधकाम खात्याला लेखी कळवावे व त्याची पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते, कागद राहतो. पायाची परीक्षा करणे हे आपले काम नव्हे, ते तज्ज्ञांचे. पण तज्ज्ञांना वेळेवर हाक मारणे हे आपले काम आहे.

हळदीकुंकू, भजन, शिवणवर्ग ही आपल्या मंडळाची कामे चालूच राहोत. त्यांत ही एक वही वाढली तर मंडळाचे पुढचे वर्ष अधिक सार्थकी लागेल असे मला वाटते. ज्या बहिणींची माणसे त्या रात्री सावित्रीने नेली, त्यांना याहून निराळी श्रद्धांजली आपण काय वाहणार?